स्लो पिच सॉफ्टबॉल: बॉल आणि बॅटच्या नियमांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही रविवारी सकाळी कोथरूडच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर स्लो पिच खेळतो. ऑफिसवाले, कॉलेजची पोरं, दोन-तीन जोडपी, एक रिटायर्ड काका, असे सगळे मिळून पंचवीस-तीस जण आहोत. नवीन माणूस आला की पहिल्या महिन्यात तेच प्रश्न विचारतो, व्हॉट्सॲपवर उत्तर द्यावं तर दोन दिवसांत ते शंभर गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं जातं, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. आकडे जास्त करून अमेरिकेच्या नियमातले आहेत, कारण बॉल आणि बॅटच्या तपासणीचं काम सगळ्यात जास्त तिकडेच झालंय आणि आपल्याकडे येणाऱ्या चांगल्या बॅटींवर मान्यतेचे शिक्केही तिकडचेच असतात.

शाळेत खेळायचो तोच सॉफ्टबॉल ना हा?

नाही. पुण्यात शाळा-कॉलेजात जो सॉफ्टबॉल चालतो तो फास्ट पिच. त्यात पिचर हात गरकन फिरवून बॉल सोडतो, बायकांच्या मॅचला ४३ फुटांवरून आणि पुरुषांच्या मॅचला ४६ फुटांवरून, आणि बॅटरला तो नीट दिसायच्या आत कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असतो. स्लो पिचमध्ये पिचर ५० फुटांवर उभा राहतो आणि बॉल वर उडवून टाकतो, अमेरिकन नियमात त्याची कमान जमिनीपासून किमान ६ आणि जास्तीत जास्त १० फूट असावी लागते. फील्डवर नऊऐवजी दहा जण असतात, बंट, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हळूच पुढे ढकलणं, चालत नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. फास्ट पिचमध्ये पिचर बॅटरला वेगाने हरवू शकतो, स्लो पिचमध्ये तसं काही त्याच्या हातात नाही, जवळजवळ प्रत्येक बॉल बॅटला लागणारच आहे. मग तो बॉल बॅटवरून किती जोरात निघेल हे ठरवणाऱ्या गोष्टी उरतात तीन, बॅटर, बॅट आणि बॉल. बॅटरची ताकद नियमात बसवता येत नाही, म्हणून सगळा नियम बाकीच्या दोघांवर येतो.

पण आपण मजेसाठी खेळतो, एवढी नियमांची भानगड कशाला?

पिचरसाठी.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पाहुणा खेळाडू आला होता, बाहेरून आणलेली भारी कंपोझिट (धागे आणि रेझिनची) बॅट घेऊन. बॅट कोणी बघितली नाही, शिक्का कोणी वाचला नाही, मी पण नाही वाचला. तिसऱ्या इनिंगला त्याने सरळ पिचरच्या दिशेने मारला आणि बॉल आमच्या पिचरच्या गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडलं, दोन महिने हात गळ्यात अडकवून बसला होता बिचारा. तो चांगला फील्डर आहे, ग्लोव्ह वर येतच होता, फक्त पोचला नाही. चार बोटं वर लागला असता तर काय झालं असतं हा विचार मला अजून रात्री कधीतरी येतो.

हिशोब सोपा आहे. अमेरिकन नियमात बॅटवरून निघणाऱ्या बॉलच्या वेगाची प्रयोगशाळेतली मर्यादा आहे ताशी ९८ मैल, म्हणजे साधारण १५८ किलोमीटर. त्या वेगाने ५० फूट जायला बॉलला सुमारे ०.३५ सेकंद लागतो, हवेचा विरोध धरला तर थोडा जास्त. माणसाला नुसतं बघून हात हलवायला सुरुवात करायलाच ०.२ सेकंदाच्या आसपास जातात. म्हणजे उरलेल्या वेळात ग्लोव्ह वर आणायचा, मान वळवायची, जे काय करायचं ते करायचं. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट असते, आपला पिचर त्याच्या १६ फूट पुढे उभा आहे आणि त्याच्याकडे येणारा बॉल क्रिकेटच्या बॉलपेक्षा मोठा आणि जडही आहे. बारा इंची सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमच्या मध्ये असतो, क्रिकेटचा १५६ ते १६३. सॉफ्ट फक्त नावात.

आणि हे नियमातल्या बॅटचं गणित झालं. नियमाबाहेरच्या बॅटने हा ०.३५ अजून कमी होतो.

बॉलवर ०.५२ आणि ३०० असं छापलेलं असतं, ते काय?

हा माझा आवडता प्रश्न आहे त्यामुळे जरा लांबेल.

पहिला आकडा सीओआर, म्हणजे बॉल किती उसळतो. मशीनमधून बॉल ताशी ६० मैलांनी एका घट्ट भिंतीवर मारतात आणि परत येतानाचा वेग मोजतात, परत आलेला वेग भागिले गेलेला वेग. ०.५२ म्हणजे ६० ने गेला आणि साधारण ३१ ने परत आला. ऐकायला वाटतं की निम्मा वेग राहिला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते ना, मग ०.५२ चा वर्ग करा, ०.२७. म्हणजे भिंतीवर आपटताना बॉलने आपली जवळजवळ तीन चतुर्थांश ऊर्जा आतल्या आत गिळली, तिची उष्णता झाली. जुने ०.४४ वाले बॉल तर १९ टक्केच परत द्यायचे.

दुसरा आकडा कॉम्प्रेशन, म्हणजे बॉल किती कडक आहे. दोन सपाट पट्ट्यांमध्ये बॉल धरून पाव इंच दाबायला किती जोर लागतो तो पौंडात. ३०० म्हणजे साधारण १३६ किलो, ३७५ म्हणजे १७० किलो. एखाद्या जाड्या माणसाला बॉलवर उभं केलं तरी तो पाव इंच दबणार नाही असा हिशोब.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक कायम त्यांची गल्लत करतात. बॉल मऊ असूनही चांगला उसळणारा असू शकतो आणि दगडासारखा कडक असून मंद असू शकतो. सध्या तिकडे स्लो पिचला ०.५२ आणि ३०० ही जोडी चालते, त्याआधी ०.४४ आणि ३७५ होती. फास्ट पिचला ०.४७ आणि ३७५. बदल कुठल्या बाजूने झाला ते बघा, उसळी वाढवली पण कडकपणा कमी केला. याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

कडक बॉल लांब जातो की मऊ?

बॅट कुठली त्यावर आहे. लाकडी बॅटचं लाकूड दबत नाही, त्यामुळे तिथे सगळा खेळ बॉलच्या उसळीचा. पण ॲल्युमिनियम आणि कंपोझिटची बॅट आतून पोकळ असते, बॉल बसला की बॅरलची, म्हणजे बॅटच्या जाड भागाची, भिंत क्षणभर आत जाते आणि परत बाहेर येते, अगदी ताणलेल्या चटईवर उडी मारल्यासारखी. भिंत जी ऊर्जा साठवते ती बरीचशी परत देते, बॉल जी साठवतो त्यातली बहुतेक खाऊन टाकतो. म्हणून जेवढी ऊर्जा बॉलला दाबण्याऐवजी बॅटला दाबण्यात गेली तेवढा फायदा.

आता कडक बॉल आणि पातळ भिंतीची बॅट एकत्र आणा. बॉल दबत नाही, मग दबते कोण, बॅट, आणि बॉल भयानक सुटतो. तीच बॅट आणि मऊ बॉल, तर बॉल स्वतःच पोळीसारखा चपटा होतो, बॅट फारशी दबत नाही, फायदा कमी. म्हणून मी सगळ्यांना सारखं सांगतो की नुसती बॅट हॉट, म्हणजे जोरात मारणारी, आहे का असं विचारू नका, कुठल्या बॉलवर असं विचारा. बॉल आणि बॅट ही जोडी आहे, नियम पण जोडीवरच लिहिलेला आहे. आपल्याकडे गल्लीतल्या पोराला पण माहिती असतं की टेनिस बॉलची मागून खोदलेली बॅट सीझन बॉलला वापरली तर फुटते, तोच प्रकार इथे.

याचा व्यवहारातला धोका पुण्यात खरोखर आहे. आपल्याकडे दुकानात जो बारा इंची बॉल मिळतो तो बहुतेक वेळा शाळांच्या फास्ट पिचसाठी आलेला असतो. त्यावर ३७५ लिहिलेलं असेल आणि तुम्ही ३०० च्या बॉलसाठी बनलेली महागडी स्लो पिच बॅट काढली, तर एकतर बॉल नियमापेक्षा जोरात निघेल नाहीतर बॅटला तडा जाईल. काही वेळा आधी पहिलं आणि मग दुसरं. आणि बॉलवर काहीच छापलेलं नसेल तर तो सामन्याला आणू नका, प्रॅक्टिसला ठीक आहे.

बॅटची मापं काय?

लांबी जास्तीत जास्त ३४ इंच, वजन जास्तीत जास्त ३८ औंस म्हणजे साधारण १०७७ ग्रॅम, बॅरलचा व्यास जास्तीत जास्त सव्वादोन इंच. स्लो पिचच्या बॅटी बहुतेक ३४ इंचीच येतात आणि वजन २५ ते ३० औंसच्या दरम्यान, ३८ ची कोणी फिरवत नाही. खाली नॉब, म्हणजे मुठीच्या टोकाचा गोळा, पाहिजे, ग्रिप घट्ट पाहिजे, बॅरलला पोचा, तडा किंवा धारदार कड नको, आणि हलवल्यावर आत काही खडखडायला नको.

एवढी मापं पाळली तर मग शिक्का कशाला लागतो?

कारण मापं तीच ठेवून आतली भिंत बदलता येते आणि बाहेरून काही कळत नाही. हेच तर झालं ना इतिहासात. सॉफ्टबॉल १८८७ मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबात बॉक्सिंग ग्लोव्ह गुंडाळून आणि झाडूच्या दांड्याने सुरू झाला. अनेक वर्षं बॅट लाकडी होती तोवर बॅटच्या वेगाची काळजी कोणाला नव्हती. मग ॲल्युमिनियम आलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टायटॅनियमच्या बॅटी आल्या, त्यांनी बॉल इतका उडायला लागला की त्यांच्यावर बंदीच घालावी लागली, तोवर दोन भिंतींच्या बॅटी आल्या, त्यांच्यामागे कंपोझिट. मटेरियलवर बंदी घालून काही होत नाही हे कळल्यावर त्यांनी सरळ निकाल मोजायला सुरुवात केली.

तिकडची मोठी संघटना म्हणजे १९३३ ची अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन, २०१७ पासून तिचं नाव यूएसए सॉफ्टबॉल. तिने २००० मध्ये बॅटवर शिक्का आणला आणि २००४ मध्ये ती ९८ मैलांची मर्यादा. यात बॅट कोणी फिरवत नाही, बॅट एका खुंटीवर फिरेल अशी धरतात, तोफेसारख्या नळीतून बॉल तिच्यावर सोडतात, दोघांचे वेग मोजून मैदानावर काय होईल ते गणिताने काढतात. दुसरी संघटना यूएसएसएसए, तिच्या बऱ्याच बॅटींवर १.२० बीपीएफ असा शिक्का दिसतो, त्याचा अर्थ बॅटवरून बॉलची उसळी घट्ट भिंतीवरच्या उसळीच्या १.२० पटीपेक्षा जास्त नको.

म्हणजे दोघांची मोजायची पद्धत वेगळी. एकीकडे चालणारी बॅट दुसरीकडे चालेलच असं नाही, आणि दोन्ही शिक्के असलेल्या बॅटी पण मिळतात, घ्यायचीच असेल तर माझ्या मते तशीच घ्या.

भावाने अमेरिकेतून सेकंडहँड बॅट आणली, शिक्का घासून गेलाय, चालेल का?

आमच्याकडे नाही. शिक्का वाचता आला पाहिजे. भाऊ खरं बोलतोय यात शंका नाही, पण आधीच्या मालकाने त्या बॅटीचं काय केलं ते भावालाही माहिती नसतं.

काय केलं म्हणजे? बॅटीला करतात तरी काय?

दोन प्रकार जास्त चालतात. एक रोलिंग, म्हणजे बॅट रोलरमध्ये दाबून कंपोझिटचे धागे आणि रेझिन मुद्दाम सैल करायचं. दुसरं शेव्हिंग, म्हणजे टोकाची टोपी उघडून आतून भिंत घासून पातळ करायची आणि टोपी परत चिकटवायची. काही लोक वजन पण भरतात. हे सगळं नियमबाह्य आहे, तिकडे खेळाडूवर बंदी येते, आणि माझ्या मते यायलाच हवी, कारण बॅट घासणाऱ्याला माहिती असतं की समोर ५० फुटांवर माणूस उभा आहे.

ओळखायचं कसं ते सांगतो, पण खात्री फक्त मशीनने होते. टोकाची टोपी नीट बघा, कडेला नवा गोंद, ओरखडे, टोपी जरा तिरकी असं काही दिसतंय का. बॅरलवर लांबीच्या दिशेने एकसारखी बारीक रेघ किंवा चमक गेलेली आहे का. आवाज बाकीच्या बॅटींपेक्षा फार बसका आहे का. तिकडच्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये हातात धरता येईल असं कॉम्प्रेशन मशीन असतं, त्यात बॅरल दाबून बघतात, ठरलेल्यापेक्षा मऊ निघाली की बॅट बाजूला. आपल्याकडे ते नाही, म्हणून संशय आला की बॅट बाजूला ठेवायची आणि त्या माणसाला दुसरी द्यायची, भांडण न करता.

कंपोझिट घ्यावी की ॲल्युमिनियम?

नवीन असाल तर ॲल्युमिनियम, डोळे झाकून. स्वस्त पडते, पहिल्या दिवशी जशी असते तशीच राहते, आणि मोडली तर पोचा दिसतो. कंपोझिट वापरता वापरता खुलते, म्हणजे शंभर-दोनशे बॉल मारले की आतले धागे थोडे सुटतात आणि भिंत जास्त दबायला लागते, त्यामुळे नवीकोरी असताना नियमात बसलेली बॅट काही महिन्यांनी मर्यादेच्या पुढे गेलेली असू शकते, तुम्ही काहीही लबाडी न करता. आणि मग एक दिवस तडकते. तडा जायच्या आधीचे काही दिवस ती सगळ्यात जास्त मारते, म्हणून बॅट अचानक फार छान चालायला लागली की खूश होण्याआधी नखाने बॅरल चाचपून बघा.

एवढे पैसे घालायचे का हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण कस्टम्स आणि कुरिअर धरून चांगली कंपोझिट आपल्याकडे येईपर्यंत तेवढ्यात अख्ख्या टीमला ग्लोव्ह येतील असं मला वाटतं.

पुण्याच्या हवेचा काही फरक पडतो का?

पडतो, आणि लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त पडतो.

बॉलची तपासणी होते साधारण २२ अंशांवर आणि ५० टक्के आर्द्रतेत. आता आपलं वर्ष बघा. एप्रिलमध्ये दुपारी चाळिशीच्या आसपास, त्यात बॉल गाडीच्या डिकीत शुक्रवारपासून पडलेले, रविवारी काढले की ते मऊ पडलेले असतात, बॅटला लागल्यावर धप्प असा आवाज येतो आणि चांगला मारलेला बॉल पण शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरच्या) मागे पडतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला दहा-बारा अंश असतं, तेव्हा तोच बॉल कडक होतो, वर ३०० छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात बराच जास्त. म्हणजे थंडीत तुमची जोडी आपोआप कडक बॉल आणि पातळ बॅट अशी बनते, पिचरला धोका जास्त आणि बॅट तडकायचा धोका पण जास्त. बॅट बनवणारेच सांगतात की साधारण १५ अंशांच्या खाली कंपोझिट काढू नका. आमच्याकडे डिसेंबर आणि जानेवारीत आठ वाजेपर्यंत फक्त ॲल्युमिनियम असा नियम आहे. सुरुवातीला कुरकुर झाली, एका काकांची बॅट फुटली आणि कुरकुर थांबली.

पावसाळ्यात चामड्याचं कव्हर पाणी पितं, बॉल जड होतो, उसळी जाते, हातातून सटकतो. ओल्या मैदानावर कव्हर सिंथेटिक असलेले बॉल काढायचे आणि दोन-दोन इनिंगला बदलत राहायचे. ओले बॉल गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, शिवण उसवते. कापडाने पुसून पंख्याखाली ठेवा.

अजून एक, पुणे समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या वर आहे, हवा मुंबईपेक्षा साधारण पाच टक्के विरळ. उंच मारलेला बॉल इथे थोडा लांब जातो. मुंबईची टीम आली की त्यांचे आउटफिल्डर पहिल्या इनिंगला एक-दोन पावलं पुढे उभे राहतात हे मी स्वतः बघितलंय, मग आपोआप मागे सरकतात.

बेसबॉलची बॅट आहे घरी, ती आणू का?

नको. तिचा बॅरल सव्वादोन इंचांपेक्षा जाड असू शकतो, वजनाचा तोल वेगळा असतो आणि सॉफ्टबॉलचा शिक्का नसतो. शिवाय गाडीत ठेवायला म्हणून घेतलेल्या ज्या स्वस्त बॅटी रस्त्यावर मिळतात त्या खेळायच्या नसतातच, त्यांचं हँडल मोडून बॅरल उडालेला मी बघितलाय. बॅट नसेल तर या, ग्रुपच्या आहेत.

फास्ट पिचची बॅट?

शिक्का असेल आणि अवस्था चांगली असेल तर आम्ही चालवतो. ती हलकी असते, हलक्या बॅटला सवय झाली की स्लो पिचच्या वरून पडणाऱ्या बॉलवर लोक लवकर फिरवतात, तेवढं सांभाळा.

मुलींसाठी बॉल वेगळा का असतो?

स्लो पिचमध्ये बायकांचा बॉल अकरा इंची, म्हणजे घेर २८ सेंटिमीटरच्या जवळ, पुरुषांचा बारा इंची म्हणजे साडेतीस. अकरा इंची हलका आहे, हातात नीट बसतो, फेकायला सोपा. अमेरिकेत मिक्स्ड मॅचमध्ये बॅटर बाई असेल तर अकरा इंची आणि पुरुष असेल तर बारा इंची असं दर वेळी बदलतात.

आम्ही पण तसंच करतो, पण एक गोष्ट सांगाविशी वाटते. याला काही जण सवलत म्हणतात, तसं नाहीये. आमच्यातली एक ताई शाळेपासून फास्ट पिच खेळलेली आहे, ती अकरा इंची बॉलवर बहुतेक पुरुषांपेक्षा लांब मारते. लहान आणि हलका बॉल जोरात निघतो, त्यामुळे तिच्या वेळी पिचरने जास्त सावध राहायला हवं. बॉल बदलताना अंपायरने मोठ्याने ओरडून सांगायचं, कारण बेसवाल्यांना पण माहिती पाहिजे कुठला बॉल येणार.

आमचं मैदान लहान आहे, पलीकडे सोसायटीच्या खिडक्या आहेत, काय करू?

पुरुषांच्या स्लो पिचला कुंपण साधारण ३०० फुटांवर धरतात, एवढं मैदान पुण्यात रविवारी रिकामं मिळणं म्हणजे नशीब, तिथे आधीच क्रिकेटच्या चार मॅच चालू असतात. मग बॅट आणि बॉलनेच अंतर कमी करा. कमी उसळीचे बॉल घ्या, ०.४० किंवा ०.४४ चे. सगळ्यांना लाकडी किंवा एक भिंतीची ॲल्युमिनियम बॅट ठेवा. होमरनची, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेल्या फटक्यांची, संख्या बांधा, त्याच्यावर गेलेला प्रत्येक होमरन आउट. हे शेवटचं तिकडच्या लीगमध्ये पण असतं.

शिकागोत अजूनही सोळा इंची मोठा बॉल ग्लोव्हशिवाय खेळतात, तो फार लांब जात नाही. आपल्या गच्च वस्तीतल्या मैदानांना तो प्रकार चांगला बसेल असं मला मनापासून वाटतं, पण बॉल मिळवायचे कुठून हा प्रश्न आहे.

फक्त लांब जाणारा बॉल अडवताना पिचरला विसरू नका. लहान मैदानावर लोक सरळ आणि खाली मारायला लागतात, आणि सरळ म्हणजे पिचर.

पिचरने मास्क घालावा का?

हो. आमच्याकडे सक्ती आहे. त्याने गुडघ्यापासून पोटापर्यंत काही वाचत नाही, पण चेहरा वाचतो. टाकल्या टाकल्या दोन पावलं मागे जायची सवय लावा, तेवढ्याने पण वेळ वाढतो.

मशीन नसताना मॅचच्या आधी काय तपासता येतं?

बरंच. सव्वादोन इंचाची कडी करून घ्या, कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे पट्टी वाकवून होते, फक्त आतलं माप व्हर्नियरने तपासा. बॅट तिच्यातून आरपार गेली पाहिजे, अडकली तर एकतर जाड आहे नाहीतर फुगलीये. किचनचा डिजिटल काटा आणा, बॉल आणि बॅट दोन्ही तोला. शिक्का वाचा. बॅट कानाजवळ हलवा. बॅरल बोटांनी सगळीकडून दाबत फिरवा.

बॉलसाठी, एक नवा खात्रीचा बॉल वेगळा ठेवा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा. दोन मीटर उंचीवरून फरशीवर सोडा, शेजारी टेप धरा, उसळी बघा. यातून ०.५२ हा आकडा मिळणार नाही, कारण तो ६० मैलांच्या आपटण्याचा आहे आणि हळू पडलेला बॉल जास्तच उसळतो, पण कुठला बॉल मेलेला आहे ते लगेच दिसतं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं, तोवर बाकीचे चहा पितात.

आम्ही कंपनीची टूर्नामेंट घेतोय, नियमपत्रकात काय लिहू?

पहिलं, बॉल आयोजकांचे, एकाच छापाचे, सीओआर आणि कॉम्प्रेशन पत्रकात लिहिलेले. टीमने आपापले बॉल आणायचे ही पद्धत बंद करा, भांडणं तिथूनच सुरू होतात, हिंजवडीच्या एका मॅचमध्ये एक टीम फील्डिंगला मऊ आणि बॅटिंगला कडक बॉल काढत होती आणि अंपायरच्या चौथ्या इनिंगला लक्षात आलं.

दुसरं, बॅटी. कोणता शिक्का चालेल ते नाव घेऊन लिहा. आठ टीम असतील आणि तपासायला माणसं कमी असतील तर सरळ आयोजकांच्या सहा ॲल्युमिनियम बॅटी ठेवा आणि सगळ्यांनी त्याच वापरायच्या, मी तरी हेच सुचवतो. ज्यांच्याकडे भारी बॅट आहे ते नाराज होतील, होऊ दे. सगळ्यांना सारखी बॅट मिळाली की मग कोण खरंच चांगलं मारतो ते दिसतं.

तिसरं, तपासलेल्या बॅटीवर त्या दिवसाचा रंगीत स्टिकर, स्टिकर नसलेली बॅट घेऊन कोणी उभा राहिला तर बॅटर आउट. चौथं, मॅच चालू असताना बॅटीला तडा सापडला तर बॅट बाहेर, त्यासाठी खेळाडूला शिक्षा नको, नाहीतर लोक तडा लपवतात.

आणि हे पत्रक आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी पाठवा.

जुने बॉल टाकून द्यायचे का?

नाही हो. मार खाऊन बॉल मऊ होतात आणि उसळी जाते, सामन्याला ते नकोत, पण नवीन लोकांना कॅच शिकवायला तेच उत्तम. त्यांच्यावर स्केचपेनने मोठी फुली मारा म्हणजे सामन्याच्या पिशवीत परत जाणार नाहीत. आमच्याकडे अशी एक गोणी भरलेली आहे, कोणाच्या शाळेला हवी असेल तर रविवारी साडेनऊनंतर येऊन घेऊन जा.